गच्चीवरच्या खोलीत भजनाचे ध्वनिमुद्रण

आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळाचे ध्वनिमुद्रण घरीच करायचे ठरले, तेव्हा ते कशासाठी करायचे हे मी आप्पांशी आधी स्पष्ट बोलून घेतले. आप्पा गेली कित्येक वर्षे मंडळात पेटी वाजवत गातात. त्यांच्याजवळच्या पुष्कळ चाली त्यांनी त्यांच्या गुरूंच्या मागे बसून, ऐकून उचललेल्या आहेत आणि त्या कोठेही स्वरलिपीत लिहिलेल्या नाहीत. त्यामुळे कसोटी एकच ठरली: उद्या एखाद्याला ही चाल शिकायची असेल, तर केवळ हे ध्वनिमुद्रण ऐकून ती शिकता आली पाहिजे. शब्द तुटक ऐकू येता कामा नये, स्वर कोठून उचलला आणि कोठे टेकवला हे कळले पाहिजे, आणि लय कशी वाढत गेली हेही कानाला समजले पाहिजे. पुढे माइक कोठे ठेवावा, रिव्हर्ब (वरून घातलेला पडसाद) किती घालावा, टाळ किती मागे न्यावेत असा प्रश्न आला की मी याच कसोटीकडे वळत असे, आणि बहुतेक वेळा उत्तर तेथेच सापडत असे.

खोली गच्चीवरची, वर स्लॅब, लांबी बारा फूट, रुंदी दहा फूट आणि उंचीही दहा फूटच. ध्वनीच्या दृष्टीने हे माप चांगले नाही, आणि त्याचे कारण गणिताने सांगता येते. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या ध्वनिलहरीची अर्धी लांबी नेमकी बसते, ती लहर खोलीत घुमत राहते. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४५ मीटर धरला, तर बारा फुटांच्या लांबीत ४७ हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला ४७ कंपनांच्या) आसपासची लहर घुमते आणि तिच्या दुप्पट, तिप्पट म्हणजे ९४ आणि १४१ हर्ट्झच्याही. दहा फुटांच्या मापात हाच हिशेब ५६ हर्ट्झपासून सुरू होतो, आणि आमच्या खोलीत रुंदी व उंची सारखीच असल्यामुळे ती घुमणी दोन दिशांनी एकाच जागी साचते. पखवाजाच्या डाव्या तोंडाचा खर्ज याच परिसरात बोलतो. शिवाय आप्पा काळी एकमध्ये, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी षड्ज धरून, गातात. त्यांचा षड्ज सुमारे १३८ हर्ट्झचा, म्हणजे खोलीच्या १४१ हर्ट्झच्या घुमणीला अगदी लागून. खोलीत बसून ते षड्ज लावत तेव्हा तो इतर स्वरांपेक्षा जाड आणि मोठा ऐकू येई, यात गळ्याचा काहीच दोष नव्हता.

सोलापुरात घरी ध्वनिमुद्रण करणारे बहुतेक जण पहिला उपाय म्हणून भिंतींवर चादरी टांगतात, आणि ते साहजिकही आहे. जाड, दणकट विणीची चादर आमच्याकडे घरोघरी असते. चादरीने टाळी वाजवल्यावर येणारा खणखणीत पडसाद नक्कीच कमी होतो. पण भिंतीला लागून असलेले कापड फक्त वरच्या, बारीक ध्वनींना पिते. खालचा खर्ज त्यातून आरपार जाऊन भिंतीवर आपटून परत येतो. परिणाम असा होतो की शब्दांतली धार जाते आणि घुमणी मात्र जशीच्या तशी राहते. अशा खोलीत केलेले ध्वनिमुद्रण दबके आणि बोदे वाटते, आणि ऐकणारा गायकाला दोष देतो. अंड्यांचे ट्रे चिकटवण्याचा प्रकार तर याहूनही निरुपयोगी आहे, कारण त्या पुठ्ठ्याला जाडीही नाही आणि वजनही नाही.

खर्ज शोषायचा तर जाडी हवी. त्यासाठी बॉयलर आणि भट्ट्यांभोवती उष्णतारोधक म्हणून वापरतात ते रॉकवूल मी आणले. घनमीटरला ४८ किलो घनतेच्या दोन इंची स्लॅबांची जोडी करून चार इंच जाडीच्या चौकटी सुताराकडून बनवून घेतल्या. रॉकवूलचे तंतू त्वचेला टोचतात आणि श्वासात जाऊ द्यायचे नसतात, म्हणून हातमोजे आणि मास्क घालूनच ते काम केले, आणि प्रत्येक स्लॅब आधी मांजरपाटात पूर्ण गुंडाळून शिवून टाकला. वरून मात्र चादरच लावली, कारण बाहेरचे कापड दिसायला चांगले हवे आणि त्यातून हवा जायलाही हवी. कापडाला तोंड लावून फुंकर मारली आणि पलीकडे हाताला ती जाणवली, तर ते कापड चालते. नव्या कोऱ्या, दाट विणीच्या चादरींपेक्षा वापरून धुऊन मऊ झालेल्या जुन्या चादरी या परीक्षेत सरस ठरल्या. चौकटी भिंतीला सपाट न लावता चारही उभ्या कोपऱ्यांत तिरक्या उभ्या केल्या, म्हणजे त्यांच्यामागे हवेची पोकळी राहते आणि त्याच जाडीत जास्त खालपर्यंतचा ध्वनी शोषला जातो. उरलेल्या चौकटी भिंतीपासून वीतभर अंतर ठेवून गायकाच्या पाठीमागे आणि डोक्यावर आल्या. ५६ हर्ट्झची घुमणी एवढ्याने नाहीशी होत नाही, हे मान्यच करावे लागते. मात्र १०० हर्ट्झच्या वरचा भाग ताब्यात आला आणि आप्पांचा षड्ज इतर स्वरांच्या पंक्तीत येऊन बसला.

बसण्याची जागा हाही एक उपायच आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. खोलीच्या बरोबर मध्यावर बसले की ४७ आणि १४१ हर्ट्झच्या लहरी दबतात, पण ९४ हर्ट्झची लहर तेथेच सर्वांत जोरात असते. भिंतीला टेकून बसले तर सगळ्याच उफाळतात. म्हणून आप्पांची बैठक मध्यापासून थोडी एका भिंतीकडे सरकवली. एका बाजूने फूटभर, मग अर्धा फूट असे सरकवत, प्रत्येक जागी त्यांना सा, रे, ग, म लावायला सांगून, जेथे सगळे स्वर सारख्या वजनाचे ऐकू आले तेथे सतरंजी घातली आणि खडूने खूण केली.

बाहेरचा आवाज अडवणे हे खोलीचा पडसाद शोषण्यापेक्षा वेगळे काम आहे, आणि या दोन गोष्टींची फार गल्लत होते. रॉकवूलच्या चौकटींनी रस्त्यावरचा आवाज थांबत नाही. त्याला वजनदार भिंत आणि फटी बुजवलेली खिडकी लागते. आम्ही पूर्व भागात राहतो. मागच्या गल्लीत यंत्रमागाचे कारखाने आहेत आणि धोट्याची ठाकठोक हवेतून जितकी येते त्याहून जास्त जमिनीतून, खांबांतून आणि स्लॅबमधून येते. खिडकीच्या फटींना रबरी पट्ट्या लावल्या आणि दाराखाली कापडाची लांबट उशी सरकवली, त्यामुळे हवेतून येणारा भाग घटला. जमिनीतून येणारा धक्का माइकपर्यंत पोहोचू नये म्हणून प्रत्येक स्टँडच्या पायांखाली टेरी टॉवेलच्या जाड घड्या ठेवल्या. हा साधा उपाय इतका गुणकारी ठरला की तो मी प्रत्येकाला सांगतो. बाकीचे घड्याळावर सोपवले. कारखान्यांच्या सुट्टीचा दिवस आणि पहाटेची वेळ साधायची, आणि त्यातही पाण्याचा दिवस टाळायचा, कारण आमच्याकडे पाणी रोज येत नाही आणि येते त्या दिवशी गल्लीतल्या सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात. जानेवारीत सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेचे दिवस आले की मी ध्वनिमुद्रण ठेवतच नाही. त्या दिवसांत मंडळातल्या कोणाचेही चित्त खोलीत नसते, आणि ते नसावेच.

विजेचा गुणगुणाट हा आणखी एक शत्रू. आपल्याकडचा वीजपुरवठा ५० हर्ट्झचा, त्यामुळे अर्थिंग नीट नसेल तर ५० आणि १०० हर्ट्झचा घूं असा आवाज प्रत्येक ट्रॅकमध्ये, म्हणजे एकेका माइकच्या ध्वनिमुद्रणात, शिरतो आणि तो नेमका पखवाजाच्या खर्जात मिसळतो. सर्व यंत्रे एकाच प्लगच्या पट्टीवर आणून, इलेक्ट्रिशियनकडून त्या प्लगचे अर्थिंग तपासून घेतले, आणि ध्वनिमुद्रण चालू असताना लॅपटॉप बॅटरीवर ठेवला. इन्व्हर्टरवर काम करायचे मी टाळतो, कारण स्वस्त इन्व्हर्टरच्या विजेत येणारी कर्कश भुणभुण नंतर कोणत्याही उपायाने पूर्ण निघत नाही. पंखा तर बंदच. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि गच्चीवरची खोली दुपारपर्यंत तापून निघते, म्हणून उन्हाळ्यात सूर्य वर येण्याआधी गाणे संपवावे लागते. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला बिनपंख्याच्या खोलीत किती वेळ बसवायचे याचाही विचार ध्वनिमुद्रण करणाऱ्यानेच करायचा असतो. प्रत्येक अभंगानंतर दार उघडून, पंखा लावून, पाणी पिऊनच आम्ही पुढे जात असू.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. घरगुती स्टुडिओची रूढ पद्धत अशी आहे की आधी मेट्रोनोम (ठरलेल्या लयीत टकटक करणारे यंत्र) लावायचा, त्यावर एकेक वाद्य स्वतंत्रपणे वाजवून घ्यायचे आणि शेवटी गायकाने कानाला हेडफोन लावून त्यावर गायचे. प्रत्येक ट्रॅक स्वच्छ मिळतो, हवा तो दुरुस्त करता येतो. भजनाला ही पद्धत लागू पडत नाही, असे माझे ठाम मत आहे. भजनी ठेका आठ मात्रांचा. अभंग संथ उचलला जातो, चरण पुढे सरकत जातात तशी लय हळूहळू चढते आणि शेवटी ती जवळजवळ दुप्पट झालेली असते. ही चढण कोणी आखलेली नसते. आप्पा एखादा शब्द पुन्हा घोळवतात, पखवाजवाला त्यांच्या तोंडाकडे बघत असतो, एक चाट (उजव्या तोंडावरची थाप) जरा घाईने पडते आणि मंडळी पुढे जाते. मेट्रोनोमला हे कळणार नाही. सॉफ्टवेअरमध्ये लय टप्प्याटप्प्याने वाढवता येते हे खरे, पण मग ती आखणाऱ्याची लय होते, गाणाऱ्याची नव्हे. आणि चाल शिकणाऱ्याला तर लय कोठे चढवायची हेच शिकायचे असते.

पेटी वेगळी वाजवून घेऊ का, असे मी आप्पांना विचारून पाहिले. ते म्हणाले, "माझ्या हातातनं पेटी काढून घेतली तर मी म्हणू कसा? भात्याबरोबरच माझा दम चालतोय की." त्यानंतर मी तो विषय काढला नाही. गळा, पेटी आणि पखवाज ही तीन अंगे एकाच खोलीत, एकाच वेळी, हेडफोनशिवाय मुद्रित करायची आणि मागे म्हणणारी मंडळी व टाळ नंतर चढवायचे, असे ठरले.

तिघे एका खोलीत बसले की प्रत्येकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरणारच. तो शिरू न देण्याची धडपड करण्यापेक्षा कितपत आणि कोणत्या बाजूने शिरावा हे ठरवणे शहाणपणाचे असते. गळ्यासाठी मी कंडेन्सर हा फार संवेदनशील माइक न वापरता साधा डायनॅमिक माइक वापरला, कारण तो जवळचे ऐकतो आणि दूरचे फारसे गोळा करत नाही. कार्डिऑइड पद्धतीच्या माइकला समोरचे सर्वांत जास्त आणि बरोबर पाठीमागचे सर्वांत कमी ऐकू येते. या गुणाचा उपयोग करून माइक आप्पांच्या छातीच्या उंचीवर, पेटीच्या वर, तोंडाकडे वर वळवून लावला, म्हणजे त्याची पाठ पेटीकडे झाली. पेटीचा आवाज एवढ्यानेच ठळकपणे मागे गेला. तोंडापासून अंतर सहा इंच, आणि माइक ओठांच्या अगदी समोर न ठेवता किंचित बाजूला, कारण 'प', 'फ' आणि 'भ' ही अक्षरे उच्चारताना तोंडातून जो वाऱ्याचा झोत निघतो तो सरळ पडद्यावर आदळला की धप्प असा आवाज येतो, आणि अभंगांत पंढरी, भक्त, भाव हे शब्द पावलोपावली येतात.

पेटीला एक कंडेन्सर माइक, त्याला इंटरफेसमधून (माइक लॅपटॉपला जोडणाऱ्या यंत्रातून) ४८ व्होल्टचा पुरवठा. तो भात्याच्या बाजूला ठेवला तर भात्याची फुस्स आणि पट्ट्यांची खटखट स्वरांपेक्षा जास्त येते. म्हणून वरून, दीड-दोन फुटांवर, सुरांच्या बाजूकडे झुकवून ठेवला. पखवाजाला दोन डायनॅमिक माइक, उजव्या आणि डाव्या तोंडापासून फूटभर अंतरावर. दोन माइकांमधले अंतर हे प्रत्येक माइक आपल्या वाद्यापासून जितका दूर आहे त्याच्या तिप्पट तरी असावे, हा जुना नियम आहे. तो पाळला तर एकच आवाज दोन माइकांत मागेपुढे पोहोचून एकमेकाला खाण्याचा प्रकार बराच टळतो. त्या हिशेबाने पखवाज आप्पांपासून साडेचार फुटांवर, तिरका, पण नजरेला नजर भिडेल असा बसवला.

पखवाजवाला तरुण आहे, दिवसा यंत्रमागावर काम करतो, घरी तेलुगू बोलतो आणि अभंग सगळे मराठीतून पाठ. पखवाजाच्या डाव्या तोंडाला, म्हणजे धुम्याला, कणकेचा ओला गोळा थापतात, त्याच्या वजनाने तो खर्ज खोल उतरतो. वाजवता वाजवता ही कणीक वाळते, आणि सोलापूरच्या कोरड्या हवेत, बंद खोलीत तर फारच लवकर. "कणीक वाळली की धुमा चढतो, दादा," असे त्याने मला पहिल्याच बैठकीत सांगितले आणि स्वतःजवळ पाण्याची वाटी व ओल्या फडक्यात गुंडाळलेली कणीक घेऊन बसला. ध्वनिमुद्रणाच्या दृष्टीने हे फार महत्त्वाचे निघाले. अभंग एकदा गाऊन झाला आणि दुसऱ्यांदा घेतला, तर मधल्या वेळात खर्ज चढलेला असतो. मग पहिल्या वेळचे अर्धे आणि दुसऱ्या वेळचे अर्धे जोडू गेल्यास जोड गळ्यात कळत नाही, पखवाजात कळतो. म्हणून प्रत्येक टेकच्या, म्हणजे गाऊन घेण्याच्या प्रत्येक खेपेच्या, आधी तो बोटे ओली करून कणकेवरून फिरवी, एक थाप मारून ऐके, वादीखाली बसवलेल्या लाकडी गट्ठ्यांवर हातोडीचा हलका ठोका देऊन उजवे तोंड पेटीच्या षड्जाशी जुळवी, आणि मान हलवली की मगच मी लाल बटण दाबत असे.

पेटीच्या स्वराबद्दलही थोडे सांगितले पाहिजे. जुन्या पेटीचे सूर यंत्रातल्या प्रमाण स्वराशी तंतोतंत जुळत नाहीत, आणि जुळायलाच पाहिजेत असेही नाही. पेटी मोजून तानपुऱ्याचे ॲप तिच्याशी जुळवले, उलट केले नाही. पेटीत सप्तकाचे बारा समान भाग असतात, तर मोकळ्या गळ्याचा शुद्ध गंधार पेटीच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंटने (अशा एका भागाचे शंभर सेंट) खाली लागतो. आकाशवाणीवर १९४० मध्ये पेटीला बंदी आली आणि १९७१ पर्यंत ती टिकली, त्यामागच्या आक्षेपांत हाही एक होता. आप्पांचा गळा पेटीवरच तयार झालेला असला, तरी संथ चरणात ते गंधारावर रेंगाळतात तेव्हा तो पेटीच्या जरासा खाली जाऊन बसतो आणि ते फार गोड लागते. सूर दुरुस्त करणारे सॉफ्टवेअर लावले असते तर त्याने तो ओढून पेटीच्या जागी नेऊन ठेवला असता आणि मींडेच्या, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याच्या, पायऱ्या केल्या असत्या. ते सॉफ्टवेअर मी उघडलेच नाही.

ध्वनिमुद्रण २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झवर केले. २४ बिटमध्ये शांत आणि मोठ्या आवाजात इतकी जागा असते की पातळी काठोकाठ भरण्याचे कारणच उरत नाही. भजनात गायक रंगला की आवाज अनपेक्षितपणे चढतो, म्हणून सर्वांत मोठ्या ठिकाणीही काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील (शून्य ही आवाज फाटण्याची हद्द) असा गेन, म्हणजे माइकचा आवाज वाढवून घेण्याचे माप, ठेवला. एका ट्रॅकला मिनिटाला साडेआठ मेगाबाइटपेक्षा थोडी जास्त जागा लागते. पुढे मंडळी आणि टाळ धरून आठ ट्रॅक झाले की दहा मिनिटांच्या अभंगाला सातशे मेगाबाइटच्या जवळ जाते. हार्ड डिस्क आधीच मोकळी करून ठेवलेली बरी. सॉफ्टवेअर रीपर, ते हलके आहे, जुन्या लॅपटॉपवर अडखळत नाही आणि वैयक्तिक वापराचा परवाना ६० डॉलरमध्ये मिळतो.

मागे म्हणणाऱ्या मंडळींचे ध्वनिमुद्रण हा या कामातला सर्वांत आनंदाचा भाग होता. त्यांच्यासाठी दोन कंडेन्सर माइक १७ सेंटिमीटर अंतरावर आणि एकमेकांपासून ११० अंशांत वळवून लावले. या मांडणीत कोण डावीकडे आणि कोण उजवीकडे बसले आहे हे ऐकणाऱ्याला स्वाभाविकपणे कळते. एका कानाला हेडफोन आणि दुसरा कान उघडा, म्हणजे आप्पांचा आवाजही ऐकू येतो आणि शेजारच्याचाही. अडचण हातांची होती. ही सगळी मंडळी टाळ वाजवतच गात आलेली आहेत. टाळ काढून घेतले तर शब्द कोठे उचलायचा तेच त्यांना सुचेना, आणि टाळांसकट गाऊ दिले तर टाळांचा खणखणाट शब्दांवर पसरून चालीचा शेवट ऐकू येईना. मंडळातल्या मावशींनी यावर तोड काढली. त्यांनी टाळांच्या दोन्ही वाट्यांना हातरुमाल गुंडाळून घट्ट गाठ मारली, आणि सर्वांनी तसेच केले. हातांना टाळ मिळाले, ठोक मिळाली, माइकला मात्र मंद थपथप सोडून काही ऐकू आले नाही.

मग रुमाल सोडून टाळ वेगळे घेतले. टाळाचा पहिला क्षण अतिशय तीक्ष्ण असतो, म्हणून माइक पाच-सहा फुटांवर आणि टाळांच्या वरच्या बाजूला ठेवला. कडेच्या रेषेत ठेवला तर दोन वाट्या मिटताना बाहेर पडणारा हवेचा झोत त्यावर येतो. टाळकऱ्यांनी लय पखवाजावरून धरायची होती. सुरुवात चुकू नये म्हणून मूळ ध्वनिमुद्रणातच अभंगापूर्वी पखवाजवाल्याने एक पूर्ण आवर्तन मोकळे वाजवून ठेवले होते, ते शेवटी कापून टाकले.

सगळे ट्रॅक एकत्र जुळवण्याला, म्हणजे मिक्सिंगला, मी दोन-चार दिवस कान रिकामे ठेवूनच बसतो. टेक निवडताना तुकडे जोडण्यापेक्षा सबंध गायलेला एक टेक घ्यायचा, असा माझा आग्रह असतो. एखाद्या चरणात आवाज क्षणभर कापरा झाला असेल, तरी त्या टेकमधली लयीची चढण सलग असते. गळ्याच्या माइकमध्ये पखवाज शिरलेला असल्यामुळे जोडकाम करायचेच झाले तर ते तीनही अंगांचे एकत्र आणि समेवरच करावे लागते.

सर्वांत आधी गळा आणि पखवाज, बाकी सर्व बंद. गळ्याच्या ट्रॅकमधून ८० हर्ट्झच्या खालचा भाग काढला, त्याबरोबर यंत्रमागाचा उरलासुरला धक्काही गेला. पखवाजाच्या दोन माइकांपैकी एकाची ध्रुवता उलटी करून (म्हणजे लहरीचे वर-खाली उलटवून) पाहिली. ज्या स्थितीत खर्ज भरीव लागला ती ठेवली. ही तपासणी नेहमी मोनोमध्ये, म्हणजे डावे-उजवे एकत्र करून, करावी. भजने जेथे खरोखर वाजतात ते देवळावरचे कर्णे मोनोच असतात, आणि स्टीरिओत गोड वाटणारा पखवाज मोनोत पोकळ होऊन जातो तो याच कारणाने. कर्ण्यातून खर्ज तसाही फारसा येत नाही, म्हणून पखवाजाच्या उजव्या तोंडाची चाट नीट ऐकू आली तरच ठेका कळतो. तिला थोडी उचल दिली.

पेटी आणि पुरुषाचा गळा २५० ते ४०० हर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांच्या अंगावर येतात. तेथे पेटीतून तीन डेसिबल कमी केले आणि शब्द एकदम पुढे आला. मोठे आवाज दाबणारा कंप्रेसर गळ्यावर हलकाच, अडीचास एक या प्रमाणात. खरे काम फेडर (आवाजाची पातळी वर-खाली करणारी सरकपट्टी) हाताने हलवून केले. आप्पा चरणाच्या शेवटी श्वास संपत आला की शेवटचे अक्षर आत ओढून घेतात. बैठकीत समोर बसलेल्याला ते ओठांवरून कळते, ध्वनिमुद्रणात हरवते. प्रत्येक चरणाचे शेवटचे अक्षर एकेक करून दीड-दोन डेसिबलने उचलले. हे काम कंटाळवाणे आहे आणि कोणतेही यंत्र ते नीट करत नाही, कारण कोणते अक्षर महत्त्वाचे हे यंत्राला ठाऊक नसते; पण चाल शिकणाऱ्यासाठी सर्वांत उपयोगी पडले ते हेच.

रिव्हर्बच्या बाबतीत मी कडक आहे. भक्तिसंगीत म्हटले की गुहेसारखा घुमारा घालण्याची प्रथा पडली आहे. त्याने शब्दांचे काठ विरघळतात आणि वाढलेल्या लयीत तर नुसता गोंधळ होतो. मी सुमारे एका सेकंदाचा, लहान सभामंडपासारखा पडसाद घेतला आणि मूळ स्वरानंतर थोडा उशिराने सुरू होईल असा ठेवला, म्हणजे अक्षर आधी स्वच्छ ऐकू येते. बसण्याची मांडणी प्रत्यक्षात होती तशीच ठेवली: आप्पा मध्यभागी, पखवाज किंचित उजवीकडे, मंडळी दोन्ही बाजूंना पसरलेली. टाळांचा सहा ते दहा किलोहर्ट्झचा भाग 'स' आणि 'श' या अक्षरांशी भांडतो, म्हणून टाळ मागे नेले आणि लय दुप्पट झाल्यावरच हळूहळू पुढे आणले.

शेवटची पातळी ठरवताना मोठ्या आवाजाचा मोह मी आवरला. स्पॉटिफाय सर्व गाणी साधारण उणे १४ लफ्सच्या (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचे माप) पातळीवर आणून वाजवते, त्यामुळे दाबून दाबून मोठी केलेली फाइल तेथे काही मोठी वाजत नाही, नुसती चेपलेली वाजते. आमचे अभंग उणे १६ लफ्सवर ठेवले आणि शिखर उणे एक डेसिबलच्या वर जाऊ दिले नाही, म्हणून संथ सुरुवात आणि रंगलेला शेवट यांतला फरक टिकला. १२८ केबीपीएसच्या, म्हणजे फार दाबून लहान केलेल्या, एमपीथ्रीमध्ये टाळांचा आवाज वाळूसारखा खरखरीत होतो; मंडळाला मूळ वेव्ह फाइलच दिल्या आणि मोबाइलवर पाठवण्यासाठी ३२० केबीपीएसच्या प्रती.

प्रत्येक अभंगाची आणखी एक प्रत शिकणाऱ्यांसाठी केली. तिच्यात मंडळी आणि टाळ नाहीत, गळा व पेटी पुढे आहेत आणि पखवाज फक्त ठेका कळण्यापुरता आहे. सोबत एका कागदावर पट्टी, ताल, चाल कोणाकडून आली आणि कोणत्या चरणापासून लय चढते हे आप्पांच्या सांगण्यावरून लिहिले, त्या कागदाचा फोटो त्याच फोल्डरमध्ये ठेवला आणि सर्व दोन वेगळ्या घरांतल्या दोन हार्ड डिस्कवर उतरवले. मावशींची नात त्या प्रतीवरून दोन चाली बसवून आली तेव्हा आप्पांनी तिला एका जागी थांबवले. पंचमावरून उतरतानाचा एक बारीक कण तिच्याकडून सुटत होता. मी फाइल उघडून पाहिली. तेथे पेटीचा सूर त्या कणावर झाकण घालत होता. पेटी त्या चार मात्रांपुरती आणखी दोन डेसिबल खाली नेली आणि नवी प्रत तिच्याकडे पाठवली. गौळणी आणि भैरवी अजून व्हायच्या आहेत. पावसाळ्यात पखवाजाची पुडी सैल पडते आणि सारखी चढवत बसावे लागते, त्यामुळे ते काम दिवाळीनंतर, हवा कोरडी आणि पहाट थंड झाली की घ्यायचे ठरले आहे.